लगाम कोणाच्या तोंडात

डोळा लागता लागता सकाळची पैज आठवते आणि हसू येतं. संध्याकाळपर्यंत काजूनं लगाम घेतला, तर तोच लगाम तोंडात धरून शेजारचा शिदू कोष्टी गल्लीभर चालणार. नाही घेतला, तर मी.

काजू म्हणजे माझी वरातीची घोडी. आधीच्या मालकानं लगाम ओढून ओढून तिचे ओठ फाडलेत. लोखंड दिसलं की थरथरते. म्हणून मी कधीपासून नुसता तिच्याजवळ बसतोय, आणि गल्ली म्हणते, रंगा घोडीला गोष्टी सांगतोय. बायकोचा, मालनचा धीर सुटलाय. घोडी विकायला तिनं आज वीटभट्टीवाल्याला बोलावलंय.

दुपारचा तबेल्यातच भिंतीला टेकून पेंगतोय. मांडीवर लगाम.

"चार फटके दे की."

बघतो तर गणपामामा, माझे सासरे. गेल्या शिमग्याला वारले. जन्मभर टांगा हाकला, चाबूक काही खाली ठेवला नाही.

"मामा, जित्या माणसांचे सल्ले कमी पडले म्हणून तुम्ही आलाय व्हय?"

"जनावराला भीती पायजे, जावईबापू."

"आहे की. पोतंभर आहे. तीच कमी करायला बसलोय."

आम्ही टांगा स्टँडवर आहोत. टांगे नाहीत, मांडवातल्या खुर्च्या आहेत, आणि त्यांच्यावर बसून अख्खी गल्ली एका सुरात म्हणतेय, चाबूक, चाबूक. डोकं उठतं. झोपेत तरी गप बसा की रे.

मला खोडी सुचते. लोखंड पुढं करतो. "मामा, तुम्ही जाणते. जरा चव बघून सांगा."

मामा गालातली तंबाखू सारतात आणि लगाम ऐटीत तोंडात धरतात. आता स्टँड नाही, मामांची पडवी आहे, आणि पलंगाशी काजू उभी आहे. मामांचं तोंड वाकडं होतं.

"गार हाय रं. दातातनं कळ गेली."

"मग देऊ चार फटके?"

मामा हसत नाहीत. लोखंड धोतराला पुसतात आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळत बसतात.

"जन्मभर हातात हुता," ते म्हणतात. "तोंडात कधी घेतला न्हवता."

मानेवर श्वास लागतो आणि जाग येते. लोखंड माझ्या मुठीत, ऊन ऊन. त्याला तंबाखू चिकटलीय. मी तंबाखू खात नाही.

काजू वाकून हुंगते. मागं सरत नाही. एकदा जीभ लावते. तोंड मात्र उघडत नाही, आणि मीही ढकलत नाही.

हरलो.

संध्याकाळी गल्ली दुतर्फा उभी आहे. शिदूनं हौसेनं बँडवाला आणलाय. मी लगाम दातांत धरून चालतोय, शिट्ट्या पडतायत. मधेच शिट्ट्या थांबतात. वळून बघतो तर काजू मागनं येतेय. दोरी नाही, कुणी धरलेलं नाही. ढोल वाजतोय आणि ती त्याच्या कडेनं चाललीय, कान माझ्याकडं.

"रंगा, हिला कोण आणतंय?" शिदू विचारतो.

तोंडात लोखंड, सांगणार कसं.

दारात मालन उभी आहे, शेजारी भट्टीवाला. ती काजूकडं बघत राहते. मग पदर खोचते.

"चहा झालाय," ती त्याला म्हणते. "तेवढा घ्या आणि निघा तुम्ही."