पहिल्या मतदानाचा अंक

गल्लीत मला रद्दीवाली बाई म्हणतात. म्हणोत बापडे! स्वराज्य नवं नवं होतं तेव्हाची वर्तमानपत्रं मी गोळा करते. पिपरी मेघेच्या आमच्या घरात दुपारी ती उलगडून बसले की पंख्याच्या वाऱ्यानं पानं हलतात आणि मी कुठल्या कुठे जाते. नव्या धरणाची घोषणा, केशतेलाची जाहिरात, गाय हरवल्याची खबर. त्या माणसांना वाटायचं, आता सगळं होईल. वाचताना मलाही तसंच वाटतं.

पण खरा शोध एकाच अंकाचा होता. पहिल्या निवडणुकीत आईचे वडील मतदानाच्या रांगेत उभे असताना कुणी फोटो काढला आणि तो पेपरात छापून आला. पुढे लवकरच ते वारले. आई तेव्हा पाळण्यात होती. त्यांचा दुसरा फोटो नाही. पंचाहत्तरीच्या आईला बापाचं तोंड ठाऊक नाही.

या उन्हाळ्यात एका लग्नात कळलं, की तो पेपर अल्लीपूरच्या मामींच्या पेटीत आहे. दुसऱ्याच दिवशी पहिली एसटी धरली. रस्ताभर मला तो चेहरा दिसत होता, कधी आईसारखा, कधी माझ्यासारखा.

मामींनी पाणी दिलं आणि समोर एक करडी टोपली ठेवली.

"पेटीले उदई लागून राह्यली होती वं. म्हटलं, तुया आज्याचा कागद मातीत काऊन जाऊ द्याचा? दुसऱ्या रद्दीसंगं भिजू घातला, मेथ्या वाटून टाकल्या, अन् घागरीवर थापून टोपली केली. आता शंभर वर्सं काई होत नाई."

असा राग आला, की पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला. मामी मात्र पदरानं टोपली पुसत होत्या. त्यांच्या लेखी त्यांनी तो कागद वाळवीपासून वाचवला होता.

"तुया मायले देजो," म्हणाल्या.

घरी आई दारातच बसली होती. मी जे झालं ते सांगून टाकलं. वाटलं, रडेल. तिनं टोपली मांडीवर घेतली. मेथ्यांचा कडू वास होता टोपलीला. आई कितीतरी वेळ बोटांनी चाचपत राहिली.

"कोन्या बाजूले असतीन वं ते?"

मी तिचा हात धरला आणि काठाच्या जरा खाली टेकवला.

"हे पाय, अठी."