दुवेवाचून अडलेलं गाव

आमच्या नारीन गावच्या टीव्हीवर असानकानआके (वडीलधाऱ्यांना आम्ही मानाने 'आके' म्हणतो) जन्मभर बातम्या सांगत आले. माणूस मूळचा कवी. मेंढ्यांच्या लसीची बातमीही यमक जुळवून द्यायचे. हसू आवरताना माझा कॅमेरा हलायचा. शेवटी तळवे पसरून, आमच्यात जेवण उरकल्यावर म्हणतात तशी, ते स्वतः रचलेली दोन ओळींची दुवा म्हणत आणि चेहऱ्यावरून हात फिरवत.

नव्या संचालिका बुरमाबाईंना एकदा शहाणपण सुचलं. "हे बातमीपत्र आहे, जेवणाची पंगत नाही! उद्यापासून दुवा बंद."

दुसऱ्या दिवशी आके नुसतं "धन्यवाद" म्हणून उठले. लगेच फोन खणखणला. बाईंची आईच होती, आणि तिचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"अगं, असानकानला काय झालं? घरोघरी जेवणं कधीच उरकलीत, पण दुवा झाल्याशिवाय दस्तरखानावरून उठायचं कसं? तुझा बाप मुतायला जायचा खोळंबलाय!"

बाई लालबुंद झाल्या. मला म्हणाल्या, "लाव कॅमेरा."

आके पुन्हा खुर्चीत बसले आणि टोपी सारखी करत मला म्हणाले, "माझी कवितांची पुस्तकं कुणी फुकटसुद्धा नेली नाहीत रे. आणि आज बघ, दोन ओळींवाचून गाव उठेना!"