तिसरा पुकारा

कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली पानं पडतात ती सकाळी झाडून नेतात. किस्से पडतात ते तिथंच साचतात!

या कोर्टात मी जन्मभर पुकारा केला. शाळा शिकलो नाही, पण आवाज होता. "अमुक वल्द तमुक, हाजिर हो!" वल्द म्हणजे त्याचा मुलगा. तीनदा ओरडायचं, कोणी आलं नाही की आत जाऊन सांगायचं, "कोई हाजिर नहीं, साहब!" बस, एवढीच नोकरी.

रिटायर झालो तरी रोज लिंबाखाली जातो. तिथं आमचे सरदेसाईवकील आणि टायपिस्ट जोसेफभिया. पण मध्ये जोसेफभिया चहासुद्धा अर्धा टाकायला लागला. त्याच्या पोरीचं, रीनाचं लग्न ठरलं होतं आणि आत्यानं आणलेलं स्थळ तिनं नाकारलं होतं. आत्या म्हणाली, "बॅन्सला उभी राहीन मी!"

"ये बॅन्स काय असतं भिया?" मी विचारलं.

"लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं पुकारतात, काका. कोणाला काही अटकाव माहीत असेल तर सांगा, म्हणतात. दीदी म्हणते, मुलगा नात्यातला निघतो. फादरनी तपासलं, तसं काहीच नाही. पण भरल्या चर्चमध्ये ती उठली, तर माझ्या पोरीनं तोंड कुठं लपवायचं?"

दोन रविवार पार पडले होते, तिसरा राहिला होता. मग आम्ही त्याला हसवायला बसलो.

*

सांवेर गावचा एक म्हातारा शेतकरी बाबा. समन्स घेऊन गेले तेव्हा घरी नव्हता, म्हणून कागद दाराला चिकटवला. त्याला कोर्टात चस्पां म्हणतात. तारखेला बाबा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत अख्खा दरवाजा!

"ये क्या है?" जजसाहेब.

"फाड़ता तो जुर्म होता, हुजूर. पूरा ही ले आया!"

जोसेफभिया हसला नाही.

*

खजरान्याला दोन फूलवाले रोज भांडायचे. कोर्टानं दोघांकडून मुचलका घेतला, म्हणजे शांत राहू असं लिहून घेतलं. आठवड्यानं एकाची बायको वकीलसाहेबांकडे आली.

"भांडले का परत?"

"नाही हो! असाच एक घरासाठी पण बनवून द्या ना!"

जोसेफभियाची मिशी जराशी हलली.

*

एक आजी साक्षीला आली. हलफ दिली, खरंच बोलेन म्हणाली. मग मागं वळून बघितलं आणि हात जोडले, "साहेब, काय पण विचारा, सुनेचं नका विचारू. ती मागंच बसलीय!"

"अरे काका!" म्हणत जोसेफभियानं चहा पूर्ण प्यायला.

*

तिसऱ्या रविवारी मी आणि वकीलसाहेब चर्चमध्ये गेलो, मागच्या बाकावर बसलो. रीना पुढं, मान खाली. आत्या मधल्या रांगेत, पर्स छातीशी धरून.

फादरनी नावं वाचली. "यह तीसरी और आख़िरी पुकार है. किसी को कोई अड़चन मालूम हो, तो बताए."

आत्याचं बाक करकरलं. जोसेफभियानं डोळे मिटले.

आता काय सांगू! तिसरा पुकारा झाला, वर शांतता, आणि माझे पाय आपोआप उभे राहिले. तोच जुना आवाज, अख्ख्या चर्चमध्ये घुमला, "कोई हाजिर नहीं, साहब!"

अर्धवट उठलेली आत्या माझ्याकडे बघतच राहिली. कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळं चर्चच हसायला लागलं. रीनासुद्धा! आत्या हळूच खाली बसली.

फादरनी चष्मा सारखा केला, पान उलटलं.

"ठीक है," ते म्हणाले. "अगला मामला!"