काकींचा दुसरा नारळ

आमचं घर समुद्रापासून दुसरं. पहिलं शेवंताकाकींचं. नारळी पौर्णिमेला त्या दोन नारळ बाजूला काढतात. एक समुद्राला वाहतात, दुसरा रुजत घालतात आणि त्याचं रोप पुढच्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला लावतात. "एक त्याचा, एक आपला," म्हणतात.

दर पावसाळ्यात समुद्र त्यांच्या अंगणातला एखादा माड नेतो. उरलेल्यांची मुळं धुपलेल्या काठावरून बाहेर लोंबताहेत. उधाण आलं की लाटेचा दणका आता माझ्या ओटीवरही तळव्यांना जाणवतो. माड धरायला सहा-सात वर्षं लागतात. समुद्राला तेवढी लागणार नाहीत, हे या बाईला कळत कसं नाही, म्हणून मी चिडायचो. मी आशा करत आलो ती खिडकीत बसून, पाण्याकडे बघत. काकींच्या आशेला कुदळ लागते. त्या काठापासून पावलं मोजतात आणि वीस पावलं भरतील तिथे खड्डा खणतात.

यंदा ती पावलं मोजत त्या थेट माझ्या फाटकाशी आल्या. काखेत रोप होतं.

"भाऊ, आमच्यात जागा संपली. तुमच्या परसात लावू?"

"लावा की," मी म्हणालो.

खड्डा मीच खणला. काकींनी रोपाभोवतीची माती पायाने दाबली आणि माझ्या कुंपणापलीकडच्या, समुद्रापासून तिसऱ्या घराकडे बघत विचारलं,

"त्यांच्याशी तुमचं बोलणं आहे ना? ठेवा हो."