जिन्यात अडून बसलेली पिशवी

हसायचंच असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. मी कुकरच्या शिट्टीलाही दचकते. अशा मुलीच्या हातात बाबांनी जायरोस्कोप दिला!

जायरोस्कोप म्हणजे जुन्या उपग्रहांना अवकाशात दिशेचं भान देणारं, गरगर फिरणारं जड चाक. बाबांनी नोकरीभर तेच जुळवले. चाचणीत नापास झालेला एक त्यांना निवृत्तीच्या वेळी भेट मिळाला. दर खंडेनवमीला आमच्या कोलार रोडच्या घरात त्याला हळदकुंकू लागायचं. बाबा तो सुरू करायचे आणि आई न् मी त्याची गुणगुण ऐकत बसायचो.

आई आता नाही. यंदा बाबा म्हणाले, "टी. टी. नगरच्या कॉलेजला देऊन टाकू, पोरं शिकतील. नेशील ना नीट? एकच उरलाय."

पूजा झाल्यावर त्यांनी तो आईच्या शालीत गुंडाळला, डब्यात घट्ट बसवला आणि पिशवीत ठेवला. मी निघाले.

जिन्याच्या वळणावर मी वळले, पिशवी वळेना! जोर लावला तर तिरकी होऊन उलट वरच आली. कोणीतरी ओढतंय, दुसरं काय? मागे पाहिलं तर शेजारचे दुबेजी.

"अंकल, छोड़िए! पापा की है!"

बिचाऱ्यांनी दोन्ही हात वर केले, एकात दुधाची पिशवी. "बिटिया, मैंने तो छुआ भी नहीं।"

हात वर, तरी ओढ चालूच! मग मी अशी किंचाळले की खालचा वॉचमन वर आला. पण पिशवी सोडली नाही हं, छातीशी धरून पायरीवरच बसले.

बाबा अनवाणी धावत आले. पिशवीला कान लावला. "अगं, अजून फिरतोय! नुसती वायर काढली, धरून थांबवायला मन होईना. वाटलं, वाटेत थांबेल आपला आपण."

मग पिशवी घेऊन ते स्वतःच डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि ती अडली की लहान मुलासारखे हसायचे. "बघ, दिशा सोडत नाही अजून." डोळे मात्र भरलेले.

दुबेजींनी हळूच विचारलं, "बिटिया ने एमएससी किसमें की है?"

"फिजिक्स," मी म्हटलं. इतक्या हळू आवाजात हा विषय कोणी सांगितला नसेल.

"राहू दे, मीच नेतो," बाबा म्हणाले आणि चपला घालायला वर गेले. मग मी दुबेजींना म्हटलं, निदान तुमचं दूध तरी घरी पोचवते.

त्यांनी दुधाची पिशवी छातीशी धरली.

"नहीं बिटिया, यह मैं ही ले जाऊँगा।"