मलसाप्रो

दुबई मरीनाच्या साइटवर पहिल्याच दिवशी परांचीवर मी खाली बघितलं आणि पाइपला मिठी मारली. काम जमलं नाही तर गावी पाठवणार, आणि नववीत शाळा सोडलेल्याला तिथे कोण ठेवणार?

शेजारच्या नेपाळी माणसानं माझा सेफ्टी बेल्ट ओढून बघितला. त्यांच्या जंगलात झाडावर राहणारा, मुंगसासारखा लांबट, पिवळ्या गळ्याचा मलसाप्रो असतो म्हणाला. "वो नीचे नहीं देखता, अगली डाली देखता है. यल्ला, चलो, मलसाप्रो."

मी पुढचा पाइप धरला. मग दिवसभर त्यानं मला त्याच नावानं हाक मारली.

काम टिकलं. सुट्टीच्या दिवशी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "तुझं नाव ठेवलं म्हणजे तो आत्याच झाला की. आत्याला साडी देतात. तू काय दिलंस?"

तोवर त्याला अबुधाबीला हलवलं होतं. मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.