पत्र्याला गाल लावणारे उस्ताद

आमचे उस्ताद मोटारीला गाल लावायचे. दाराला, बोनेटला, मडगार्डला. डोळे मिटून, तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. बघणाऱ्यांना हसू आवरत नसे. एखादा जीपवाला मुद्दाम ओरडायचा, "उस्ताद, मुका घ्यायलाव का गाडीचा?" उस्ताद गाल न काढता म्हणायचे, "चुप बैठ. पत्रा बोलायलाय."

आता पत्रा काय बोलतो, ते ऐका. जुना रंग निघालेला पत्रा गालाला गार लागतो. कुठं रंग राहिला असेल तर तिथं तसं गार लागत नाही. एवढंच. पण हे एवढंसं सांगायला उस्तादांनी मला दोन वर्षं लावली, जणू हैदराबादच्या निजामाचा खजिनाच उघडून दाखवत होते.

मानवतला रस्त्याच्या कडेला आमचं गॅरेज. आमचे हे मेस्त्री, ते इंजिन उघडायचे आणि शेजारच्या शेडमध्ये उस्ताद जुना रंग उतरवायचे. रंगाचं सगळं काम आधी तेच करत. पुढं म्हणाले, फवाऱ्याचा वास सोसत नाही, आणि फवारा ह्यांच्या हाती देऊन स्वतः खरवडण्यापुरते राहिले. विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं. आज बंद, उद्या बंद. बंद उठला की पोचे पडलेल्या जीपा आमच्या दारात. प्रत्येकाला घाई. "वरून एक हात मारा की, उस्ताद!" म्हटलं की उस्ताद उसळायचे, "रंगावर रंग? अंघोळ न करता पावडर लावतो का रे तू?" आणि तो बिचारा खरंच लावून आलेला असायचा.

सोडा आणि चुन्याचा लगदा ते पत्र्यावर थापायचे, वर ओलं पोतं. रंग फुगून आला की लोखंडी पत्रीनं खरवडायचे आणि बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचे. त्या दिवशी माझ्या कोंबड्या डालग्यात बंद. एकदा मीच पदर सांभाळला नाही. शिंतोडा उडाला आणि नव्या पातळाला भोक पडलं. उस्तादांनी पदर बोटांनी चाचपला आणि गंभीरपणे सांगितलं, "घाबरू नका, भाभी. रंग पक्का हाय. कापडच कच्चं निघालं."

मला मात्र त्यांच्याकडं मान होता. मी चुलीपुढं बसलेली असले की हाक यायची, "भाभी, जरा हात द्या!" मी पिठाचा हात झटकत जायची आणि पत्र्यावरून फिरवायची. "भाकरी थापणारा हात हाय," ते सगळ्यांना ऐकवायचे, "ह्याच्याखालून ज्वारीचा कण सुटत न्हाई." मी अशी फुगायची म्हणता! आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात भाकरीला बरं म्हटलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात पालमच्या डॉक्टरांची हिरवी मोटार पांढरी करायला आली. उस्ताद म्हणाले, "झालं. अस्तर मारा." मी चहा घेऊन गेले, तर चाकावरच्या कमानीला तळहाताएवढा हिरवा रंग तसाच. मेचं ऊन, शेडमध्ये पत्राही अंगाइतकाच तापलेला आणि रंगही. गालाला काय कळणार?

"उस्ताद, हिरवा राह्यलाय की."

"कुठं?" म्हणाले, आणि भलत्याच ठिकाणी हात ठेवला.

माझा हात त्यांना कशाला लागत होता, ते मला तेव्हा कळलं. फुगा फुटला, पण रागही येईना.

"भाभी, मेस्त्रीला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "डोळे गेलेला रंगारी कोण ठेवतो? आन् लेकीच्या दारात बसून खाणं मला जमायचं न्हाई."

नाही सांगितलं. रोज दुपारी चहा घेऊन जायची, गाडीभोवती फिरायची आणि सगळ्यांदेखत तोंड सोडायची, "उस्ताद, दाराखाली भाकरी कच्ची हाय! डाव्या अंगाला!" उस्ताद बरोबर तिथं पत्री लावायचे आणि वर म्हणायचे, "हौ हौ, किती कटकट करता!" हे डोक्याला हात लावायचे, "हिनं मोटारीचंबी सैपाकघर केलं."

असे तीन उन्हाळे ढकलले. नामांतर झालं, त्या संक्रांतीनंतर उस्तादांनी आपणहून पत्री खाली ठेवली. मला म्हणाले, "आता सगळं काम तुमचा हातच करायलाय, भाभी. मी नुसता चहा प्यायलोय." लेक येलदरीला. जिंतूरच्या स्टँडवर जावई उतरवून घेणार होता.

आम्ही दोघं त्यांना एसटीत बसवायला गेलो. गाडी लागली, तर उस्तादांनी आधी तिच्या अंगावर हात फिरवला. "चार थर! खाली गंज. कुणी कधी खरवडलंच न्हाई!"

"चाचा, बसायचंय का इकत घ्यायचीय?" कंडक्टर खेकसला.

उस्ताद हसले. मग भर स्टँडवर, ह्यांच्यासमोर, मोठ्यानं म्हणाले, "भाभी, बोर्ड वाचा. मला दिसत न्हाई."

मी आधी ह्यांच्याकडं बघितलं. हे ट्रंक उचलत होते. वरसुद्धा न बघता म्हणाले, "जिंतूरचीच हाय, उस्ताद. उजव्या हाताला पायरी हाय. उचला पाय."

गाडी गेल्यावर मी विचारलं, "तुमाला ठावं होतं?"

"इतक्या कच्च्या भाकरी तू घरात कधी केल्यात का?" हे म्हणाले. "चल. उस्तादांनी काल खरवडलेलं बोनेट राह्यलंय. हात फिरव, मग अस्तर मारतो."

मी हात फिरवला. हे फवारा आणायला वळले, तेवढ्यात इकडंतिकडं बघून गालही लावला.

गार होता पत्रा. सगळीकडून गार.